आक्काची कमेंट

जयराजनं आईच्या नावानं मसाला काढल्याचं प्रियदर्शनीला एकाही नातेवाइकानं कळवलं नाही. कळलं ते शेजारच्या बनाबाईकडून. सकाळच्या धारा काढून प्रियदर्शनी चहाचा कप घेऊन ओट्यावर टेकली होती, तेवढ्यात बनाबाई फोन घेऊन कुंपणापाशी आली आणि इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "वैनी, म्हातारी तुमच्याच घरात गेली न्हवं? मग तुमचा भाऊ ह्ये काय बोलतोय?"

फोनवर जयराजच होता. डोक्याला पांढरी टोपी, जी त्यानं बापाच्या तेराव्यालाही घातली नव्हती. पुढ्यात दगडी उखळ, कुणाकडून तरी मागून आणलेलं. मागं लाल पुड्यांची चळत, आणि प्रत्येक पुडीवर आईचा चेहरा. 'भामाईचा कांदा-लसूण मसाला'. उपरण्यानं डोळे टिपत जयराज सांगत होता, "आईनं माझ्या मांडीवर जीव सोडला. जाताना एवढंच म्हणाली, बाळा, माझ्या हाताची चव मरू देऊ नकोस."

प्रियदर्शनीनं बनाबाईच्या हातातून फोन घेतला आणि ते पुन्हा बघितलं. अंगाची लाहीलाही झाली.

भामाबाई गेली होती ती इस्लामपुरात, लेकीच्या मधल्या खोलीत, लेकीच्या मांडीवर. शेवटची दोन वर्षं तिला माणसं ओळखू येत नव्हती. मिरचीचा नुसता खकाणा उठला तरी ठसक्यानं तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून प्रियदर्शनीनं फोडणीची चूल बाहेर गोठ्याच्या पडवीत नेली होती. पेज आणि मऊ भात, एवढ्यावर म्हातारी जगली. मसाल्याचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता. जयराज साताऱ्याहून आला तो थेट सरणाला अग्नी द्यायला. पुडीवरचा तो फोटोसुद्धा प्रियदर्शनीनं याच ओट्यावर काढलेला. पेपरात द्यायचाय म्हणून जयराज तो मागून घेऊन गेला होता.

फोनवर बोललं की अक्षरं उमटतात, हे अश्लेषानं, तिच्या लेकीनं, तिला शिकवलं होतं. त्याच सकाळी प्रियदर्शनीनं त्या व्हिडिओखाली पहिली कमेंट टाकली. 'जया, आई माझ्या मांडीवर गेली. तू तवा कुठं हुतास? दोन वर्षांत किती येळा आलास ते सांग, आन मग रड.'

दुपारपर्यंत तिच्या चार ओळींखाली ही झुंबड उडाली. ताई, खरं बोललात, असं कुणी म्हणत होतं. कुणी म्हणत होतं, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला धुता? कुणाला वाटत होतं, बहिणीला वाटणी मिळाली नसणार, दुसरं काय. माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. आणि संध्याकाळी जयराजचं उत्तर आलं, हात जोडलेल्या चित्रासकट. 'आक्का, तुझा राग मला आशीर्वादासारखा आहे. माहेरी कधी येतेस?'

त्या 'कधी येतेस'नं तिच्या डोक्यात तिडीक उठली. तिनं त्याला पुन्हा झाडला. त्यानं पुन्हा हात जोडले.

मग तो रोजचाच धंदा झाला. सकाळी धारा काढायच्या, चहा टाकायचा, फोन उघडायचा. जयराजचा नवा व्हिडिओ त्या वेळेला नेमका आलेला असायचा. कधी तो आईच्या ओव्या म्हणायचा, ज्या आईनं कधी म्हटल्या नव्हत्या. कधी शाळेत जाताना आई मसाल्याची भाकरी कशी बांधून द्यायची ते सांगायचा. प्रियदर्शनी एकेक थाप पकडून त्याच्या तोंडावर मारायची. लोक तिला 'इस्लामपूरची आक्का' म्हणू लागले. आठवडी बाजारात एका अनोळखी बाईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "तुमीच न्हवं त्या? सोडू नका त्या भामट्याला." त्या दिवशी प्रियदर्शनी फुलांच्या दोन वेण्या जास्तीच्या घेऊन घरी आली.

नवरा लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. ऊस आणि म्हशी बघायचा, कमी बोलायचा. तो एकदाच म्हणाला, "त्या फोनवर रोज सकाळी त्याच टायमाला हजेरी लावतीस. बरं न्हाई ते."

"खोटं ऐकून घिऊ व्हय मी?"

"ऐकू नगं. बंद कर."

"बंद केला म्हंजी त्याचं खोटं थांबतंय व्हय?" ती म्हणाली. लालासाहेब वैरण आणायला निघून गेला.

एवढं करूनही एक गोष्ट तिच्या डोळ्यांत सलत होती. मसाला बुडत नव्हता. आधी तो साताऱ्यात मिळायचा, मग कराडला दिसला, मग इस्लामपुरात तिच्या नेहमीच्या वाण्याकडं दोरीला लटकला. पाप करणाऱ्याचंच चांगलं होतं, असं म्हणून ती आणखी जोरानं लिहायची.

अश्लेषा सांगलीत विश्रामबागला एका ऑफिसात नोकरीला होती. दुकानदारांची, हॉटेलवाल्यांची, शिकवणीवाल्यांची फोनवरची खाती चालवायची, त्यांच्या जाहिराती करायच्या, असं ते काम. एका रविवारी ती घरी आली आणि आईला फोनशी बोलताना बघून दारातच थांबली.

"आई, ती कमेंट टाकू नकोस."

"का गं? मामाचा पुळका आला?"

"टाकू नकोस म्हणते ना. आधी माझं ऐक." अश्लेषानं पिशवी खाली ठेवली, पण बसली नाही. "मामाचं काम आमच्याच ऑफिसकडं आहे. मला माहीत नव्हतं. साताऱ्याची गिऱ्हाइकं निमिषसर स्वतः बघतात. शुक्रवारी त्यांनी आम्हाला सगळ्यांना बसवून शिकवलं, लहान ब्रँड लोकांच्या डोळ्यांपुढं कसा आणायचा ते. पडद्यावर मामाचा मसाला होता. आणि तुझ्या कमेंटी."

"माझ्या? कशाला?"

"आई, कुठला व्हिडिओ किती लोकांना दाखवायचा ते माणूस ठरवत नाही. तिथं अल्गोरिदम असतो, म्हणजे हिशेब करणारं यंत्र समज. ते एवढंच बघतं, की माणसं व्हिडिओवर किती वेळ थांबली, किती बोलली, किती जणांनी तो पुढं पाठवला. शिव्या दिल्या की ओवाळलं, त्याला दोन्ही सारखं. तू एक कमेंट टाकतेस, खाली तीनशे माणसं भांडतात. यंत्राला वाटतं, इथं काहीतरी चाललंय, आणखी लोकांना दाखवा. मग ते दहा गावांत दिसतं. मसाला तिथं विकला जातो."

प्रियदर्शनीनं फोन पदरानं पुसून खाली ठेवला.

"पहिल्या तासात बोलणं झालं तर व्हिडिओ जास्त चढतो," अश्लेषा खाली बघत म्हणाली. "म्हणून ते तुझ्या चहाच्या वेळेलाच टाकतात. तुझी वेळ त्यांनी बघून ठेवलीय. तुझी कमेंट सगळ्यात वर टाचून ठेवतात, म्हणजे येणाऱ्याला आधी तीच दिसावी. आणि ती उत्तरं मामा लिहीत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर सूरज बसतो, तो लिहितो. शेवटी प्रश्न विचारायचा, म्हणजे तू परत येतेस, असं सरांनी त्याला सांगून ठेवलंय."

"कधी येतेस म्हणून इचारणारा त्यो सूरज?"

"हो."

"मी इतके दिवस एका पोराबरोबर भांडतीया?"

अश्लेषानं मान हलवली.

"आन माझं नाव पडद्यावर बगून तू काय केलंस?"

"सर म्हणाले, या बाई आपल्या बिनपगारी प्रचारक. सगळे हसले."

"तू?"

"मीही हसले, आई. तू माझी आई आहेस हे तिथं कुणाला माहीत नाही. मी हसले नसते तर कळलं असतं."

प्रियदर्शनी उठली. लेकीची पिशवी उचलून तिनं ओट्यावरून खाली अंगणात टाकली. "जा. तुझ्या सरांकडंच जेव आज."

अश्लेषा गेली नाही. गोठ्यात बापाजवळ जाऊन बसली. मायलेकी त्या दिवशी एका घरात असून एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण लिहिलेली ती कमेंट प्रियदर्शनीनं टाकली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

गप्प बसणं लिहिण्याहून कठीण निघालं. व्हिडिओ तर येतच होते, तिच्याच चहाच्या वेळेला. आधी जयराज लाडात आला, 'आमची आक्का रुसली वाटतं.' मग तो आईच्या आजारपणावर घसरला. एके सकाळी, टोपी काढून, आवाज पाडून तो म्हणाला, "आईचे शेवटचे दिवस दुसऱ्याच्या दारात गेले. तिला वेळेवर अन्न मिळत होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही." आईनं आपल्या मांडीवर जीव सोडल्याचं तो आधी बोलला होता, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. प्रियदर्शनीनं फोन पदराखाली दाबून धरला, भांडणात कुणी कुणाचं तोंड दाबावं तसा. दुपारभर तिला भाकरी गोड लागली नाही. पण तिनं एक अक्षर टाकलं नाही.

"उतरायला लागलाय," अश्लेषानं फोन करून बापाला सांगितलं. "आईला सांगा." व्हिडिओ दहा गावांत दिसायचा तो आता एका गावातही धड दिसत नव्हता.

आणि मग जयराज स्वतः आला.

पांढरी गाडी दारात थांबली. जयराजच्या मागून चष्मा लावलेला, नीटनेटका एक तरुण उतरला. त्याच्या हातात मसाल्याच्या पुड्यांची सजवलेली परडी होती. "नमस्कार काकू, मी निमिष," असं म्हणून त्यानं ती ओट्यावर ठेवली. प्रियदर्शनी सुपात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं मान वर केली, आणि तिला त्या तरुणाच्या शर्टाच्या खिशातून बाहेर डोकावणारा फोन दिसला. काळी काच नेमकी तिच्या तोंडाकडं होती.

तिनं सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली.

"आक्का, बोलायची बंद का झालीस?" जयराज पायरीवर बसला. "माझं चुकलं आसंल तर तोंडावर सांग."

सूप हलत राहिलं.

"आईला शेवटी तू दवाखान्यात का नेलं न्हाईस? मला लोक इचारत्यात. मी काय सांगू त्यास्नी?"

ज्वारीतला खडा निवडून तिनं बाजूला टाकला. सुपाची कड तिनं घट्ट धरली.

"का तिच्या पाटल्यांवर डोळा हुता म्हणून नेलं न्हाईस?" जयराजचा आवाज चढला. "बोल की! रोज तर सकाळी उठून माझं वाभाडं काढायचीस. आज तोंडात गुळणी धरलीस व्हय? आईच्या पाटल्या कुठं हायत सांग. सांग की गं!"

पाटल्या आईच्या दवाखान्यात गेल्या होत्या, आणि हे जयराजला ठाऊक होतं. आजारपणाच्या सुरुवातीला, आई माणसं ओळखत होती तेव्हा, त्या मोडायला तोच सोनाराकडं बरोबर गेला होता. प्रियदर्शनीच्या ओठांपर्यंत सगळं आलं. तिनं खिशातल्या काचेकडं बघितलं आणि गिळलं. निमिष हळूच एक पाऊल पुढं सरकला, तेव्हा गोठ्याकडून लालासाहेब आला. त्याच्या हातात वैरणीचा विळा होता, आणि तो खाली ठेवायचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पाव्हणं," तो जयराजला म्हणाला, "चा घेणार असला तर बसा. न्हाईतर गाडी फिरवा. आन पोरा, तू. त्यो खिशातला फोन काढ, आन मोकळ्या हातानं हुबा ऱ्हा. माझ्या बायकूचा फोटू काढायचा तर मला इचारून काढायचा."

"दाजी, तसं काय न्हाई..."

"मी तुमास्नी बोललो न्हाई. त्याला बोललो."

निमिषनं फोन काढला. जाता जाता त्याची नजर आतल्या भिंतीवर गेली. तिथं पदवीच्या काळ्या डगल्यातली अश्लेषा हसत होती. त्यानं फोटोकडं नीट बघितलं, मग प्रियदर्शनीकडं, आणि तोही हसला.

गाडी गेल्यावर प्रियदर्शनीनं ती परडी उचलली, उकिरड्यावर नेऊन पालथी केली आणि एकेक पुडी पायानं फोडली. लाल धुरळा उडाला. खोकताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते बराच वेळ थांबलं नाही.

सोमवारी निमिषनं अश्लेषाला आत बोलावलं. आईला एक कमेंट टाकायला सांग, एकच, आणि तुझं इथं भलं होईल, असं तो म्हणाला. अश्लेषानं त्याच दुपारी नोकरी सोडली. घरी आली तेव्हा तिनं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि भांडी घासायला बसली. प्रियदर्शनीनं तिला ताट वाढलं, पण "बरं केलंस" असंही म्हणाली नाही.

थोडे दिवस शांत गेले. आणि मग जयराजच्या व्हिडिओखाली आक्का परत आली.

बनाबाईनंच विचारलं, "वैनी, पुन्ना चालू केलंत व्हय?" प्रियदर्शनीनं बघितलं. 'इस्लामपूरची आक्का' या नावाचं एक नवं खातं होतं. डोक्यावर पदर घेतलेल्या, तोंड अर्धं फिरवलेल्या एका बाईचा फोटो होता. आणि ती बाई तिच्यासारखंच बोलत होती. 'जया, रडायचं बंद कर.' 'जया, आईच्या नावावर किती दिवस खाणार?' तेच 'हाय', तेच 'न्हाई', तेच 'लय'. फक्त आई कुठं गेली, कुणाच्या मांडीवर गेली, यातलं एक अक्षरही ती काढत नव्हती. लोक पुन्हा तुटून पडले होते. मसाला पुन्हा वर चढत होता.

इतक्या दिवसांनी प्रियदर्शनीनं तोंड उघडलं. 'ही बाई खोटी हाय. खरी आक्का मी हाय,' असं तिनं आपल्या खात्यावरून लिहिलं. त्या बाईच्या चाहत्यांनी तिची धूळधाण केली. हीच तोतया, हिलाच बंद करा, असा एकच गिल्ला झाला. शेकड्यांनी तिच्याविरुद्ध तक्रारी केल्या. दुसऱ्या सकाळी तिनं फोन उघडला तर तिचं खातं बंद होतं. खाली निरोप होता, की आपण दुसऱ्या व्यक्तीचं सोंग घेतल्याचं आढळलं आहे.

"दुसऱ्या म्हंजी कुणाचं?" तिनं अश्लेषाला विचारलं.

"तुझं," अश्लेषा म्हणाली.

भाऊबिजेला त्या खोट्या आक्कानं जयराजला ओवाळलं. दोघं गळ्यात पडून रडली. तो व्हिडिओ इतका पसरला, की प्रियदर्शनीच्या चुलत नणंदेनं कोयनानगरहून फोन करून सांगितलं, "वैनी, झालं गेलं इसरलात, लय बरं केलंत. भाऊ तो भाऊच." वकील बघू, असं लालासाहेब म्हणाला. प्रियदर्शनी म्हणाली, "आधी मी त्याला बगून येती." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती एकटीच साताऱ्याला गेली.

गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत जयराजचा कारखाना होता. फाटकावरच्या माणसानं तिला अडवलं.

"कोण पायजे?"

"जयराजला सांग, आक्का आलीया."

"आक्का आत शूटिंगला हायत," तो म्हणाला. "तुमी कोण?"

प्रियदर्शनीनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि ती आत शिरली. पत्र्याच्या शेडपुढं दिवे लावले होते. केसांना पांढरी पावडर लावलेली एक तरणी मुलगी, मयूरी तिचं नाव, उखळापाशी बसून हातातला कागद पाठ करत होती. साताऱ्याच्या एका नाटकमंडळीत ती कामं करायची. प्रियदर्शनीला बघून ती उठली, कदाचित ओळखलं असावं, कारण तिनं कागद पाठीमागं लपवला. तेवढ्यात जयराज धावत आला. बहिणीच्या दंडाला धरून तो तिला मिरच्यांच्या गोदामात घेऊन गेला आणि त्यानं दार लोटलं.

आत पोत्यांच्या थप्प्या होत्या. दोघांनाही ठसका लागला. हे सगळं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांसमोर होती आणि मध्ये फोन नव्हता.

"माझं खातं तू बंद पाडलंस."

"मी न्हाई. लोकांनी पाडलं. त्यास्नी ती आक्का खरी वाटती."

"आन तुला?"

"मला काय वाटतंय त्याला कोण इचारतंय? तू बोलायची थांबलीस आन माझा माल पडून ऱ्हायला. माझ्या हाताखाली बायका हायत कामाला. त्यास्नी पगार म्हणून काय तुझं मुकं तोंड वाटू?"

"जया," प्रियदर्शनी म्हणाली, "आईला बगायला का आला न्हाईस?"

हा प्रश्न तिनं फोनवर कितीदा लिहिला होता. तोंडानं पहिल्यांदाच विचारला. जयराज पोत्याच्या शिवणीवर नख घासत उभा राहिला.

"आलो हुतो," तो म्हणाला. "तू दूध घालायला गेलीवतीस. दाजीबी न्हवतं. आई ओट्यावर बसलेली. मी म्हटलं, आई, मी जया. तर मला म्हणाली, 'कोण तुमी? घरात कोण न्हाई, मागनं या.' मला तिनं 'या' म्हटलं, आक्का. वाटसराला म्हणत्यात तसं. मी गाडी फिरवली. परत काय माझं पाय वळलं न्हाईत."

"मलाबी इचारायची," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "रोज सकाळी. 'कोण गं बाई तू? कुणाची?' मी म्हणायची, आई, मी तुझी थोरली. मग म्हणायची, 'व्हय का, मग जेवून जा.' दुपारी परत इचारायची. मी परत सांगायची. दोन वर्सं, जया. तुला एकदा इचारलं तर तू पळालास."

जयराजच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, एवढं तिला कळलं. लहानपणापासून ती त्याचं रडणं ओळखत होती. त्याची हनुवटी हलली. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, आणि तो जे बोलेल त्यासाठी आपण इतक्या लांब आलो. जयराजनं डोळे पुसले आणि तिचा हात धरला.

"आक्का, ह्येच बाहीर बोल. असंच. एकदाच. त्या मयूरीला असं जमायचं न्हाई."

प्रियदर्शनीनं त्याच्या कानाखाली वाजवली. गोदामात आवाज घुमला. जयराजनं गालावर हात धरला आणि आधी दाराच्या फटीकडं बघितलं, बाहेर कुणी बघितलं की काय ते.

ती मागं न बघता फाटकाबाहेर पडली. परतीच्या गाडीत शेजारची बाई तिला म्हणाली, "तुमच्या अंगाला मसाल्याचा वास येतोय." तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं, उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या. अश्लेषाला विश्रामबागलाच दुसऱ्या ऑफिसात काम मिळालं होतं. एका शनिवारी ती आली ती तोंड पाडूनच. "आई, मामाचा नवा व्हिडिओ आलाय. कुणी दाखवायच्या आत मीच दाखवते," ती म्हणाली.

जयराज उखळापाशी बसला होता. बाजूला पावडर लावलेली मयूरी. "आईला शेवटी माणसं ओळखू येईनात," जयराज सांगत होता. "रोज सकाळी मला विचारायची, कोण रं बाबा तू? कुणाचा? मी सांगायचो, आई, मी तुझा जया. मग म्हणायची, व्हय का, मग जेवून जा. दुपारी परत विचारायची. मी परत सांगायचो." मयूरीनं पदर तोंडाला लावला आणि ती हुंदके देत म्हणाली, "मला एकदा विचारलं तर मी पळाले, जया. मी परत आलेच न्हाई."

खाली माणसं ढसाढसा रडत होती. अश्लेषानं फोन बंद केला. लालासाहेब दारात उभा राहून ऐकत होता, तो पुढं आला आणि तिच्याजवळ बसला. प्रियदर्शनी जागची हलली नाही. मोठ्यांदा रडली नाही, ओरडलीही नाही. शेवग्याच्या शेंगा निवडायला घेतल्या होत्या, त्यांचे तुकडे ती करत राहिली.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. जयराजचं नाव होतं. तिनं वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग निरोप आला, 'आक्का, रागावू नको. फोन उचल.' आणि परत वाजायला लागला.

"त्याचा फोन येऊच नये असं काय असतंय?" तिनं लेकीला विचारलं.

"असतं. ब्लॉक करायचं. आण इकडं."

"तू नगं. मला सांग, मी करती."

अश्लेषानं कुठं दाबायचं ते सांगितलं. प्रियदर्शनीनं चष्मा लावून, एकेक अक्षर वाचत, ते सगळं केलं. फोन वाजता वाजता थांबला आणि पुन्हा वाजला नाही.

"पुढंमागं वाटलं तर हे परत उघडता येतं बरं का, आई," अश्लेषा म्हणाली. "ते कसं ते..."

"त्ये शिकवू नगंस," प्रियदर्शनी म्हणाली, आणि शेंगांची परात घेऊन चुलीकडं गेली.